पाटावरचा फुटबॉल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



महिन्यापूर्वी कार्यवाहबाई आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचं." मी म्हटले, "बाई, माझी शाळा सातवीत सुटली. मी कसली बोलते?" त्यांनी मला धीर यावा म्हणून विषयही सुचवले. वाळवणे, नाहीतर जुन्या साड्यांच्या गोधड्या. दोन्ही विषय चांगले आहेत, पण त्यांत इथे बसलेल्या निम्म्या जणी माझ्या गुरू शोभतील. तेव्हा तुमच्यापैकी फारसे कोणाला येत नाही आणि मला थोडे येते असे काय आहे, याचा मी विचार केला, आणि भीत भीत म्हटले, "फुटबॉलवर बोलू का?" बाई आधी हसल्या. मग मी थट्टा करत नाही हे पाहून त्यांनी वहीत लिहून घेतले. आता लिहून घेतल्यावर माघार कशी घ्यावी?

आपल्या कडेगावात खेळ म्हणजे कुस्ती, नाहीतर कबड्डी. कुंडलच्या मैदानाला आमच्या घरची माणसे बैलगाडी जुंपून जात असत, अशा गोष्टी मी सासऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. कुस्ती कळायला शिकवणी लागत नाही. एकाची पाठ लागली की संपले. कबड्डीत कोण बाद आणि कोण परत आला ते पोरेसोरेही सांगतात. फुटबॉल मात्र मला वयाच्या चाळिशीपर्यंत ठाऊक होता तो एवढाच, की बावीस माणसे एका चेंडूमागे धावतात आणि मधूनमधून कोणीतरी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवतो. का थांबवतो, ते देवाला ठाऊक.

हा खेळ मी शिकले ती हौसेने नव्हे. माझी थोरली बहीण, आमची आक्का, कोल्हापुरात दिली आहे. दोन वर्षांमागे संक्रांत झाली आणि तिच्या मुलाचा फोन आला, की दाजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यात पंधरा दिवस काढून त्यांना घरी आणले, तेव्हा आक्काच्या मदतीला मी कराडहून एस्टीने कोल्हापूर गाठले. आठ दिवसांसाठी म्हणून गेले होते, ती पाडव्याला परतले. इकडे घर सासूबाईंनी आणि आमच्या मालकांनी कसे सांभाळले, तो निराळा विषय आहे. त्यावर मालकांनाच बोलायला बोलवावे.

दाजी म्हणजे मोठा बोलका माणूस. वर्कशॉपमधून सुटले की चौकात उभे राहून तासतास बोलायचे. त्या माणसाला आता "हं" आणि "ना" एवढेच येत होते, आणि तेही नेमके उलटे यायचे. चहा हवा असला की "ना" म्हणायचे आणि आपणच चिडायचे. दोन दिवस असे झाल्यावर त्यांनी "हं" आणि "ना" हेही टाकून दिले. भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती सांगायची, उजव्या हाताने वाटीतले दाणे उचलायचा सराव करा, दिवसातून चार वेळा. आक्का वाटी पुढे ठेवायची आणि ते डाव्या हाताने ती ढकलून द्यायचे. एकदा सगळी मटकी घरभर झाली. ती गोळा करताना आक्का रडली ते मी पाहिले, पण पाहिले नाही असे दाखवले.

आता कोल्हापूरविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. कोल्हापूर कुस्तीचे गाव हे आपल्याला ठाऊक आहे. खासबागेचे मैदान शाहू महाराजांनी बांधले. पण त्याच कोल्हापुरात फुटबॉलचे जे वेड आहे, ते मी डोळ्यांनी पाहीपर्यंत मला खरे वाटले नसते. गंमत अशी की तिथल्या फुटबॉलच्या संघांची नावे तालमींची आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तांबड्या मातीत घुमणाऱ्या पोरांच्या तालमी, त्यांच्याच नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले. शिवाय शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन त्यांचे सामने शाहू स्टेडियमवर भरवते, आणि थंडी सुरू झाली की उन्हाळ्यापर्यंत पेठापेठांतून दुसरे बोलणे नसते. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा आपल्या देशात झाली, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हे तिथले शेंबडे पोरही सांगते.

दाजी तरुणपणी अशाच एका तालमीकडून खेळत. कोणत्या, ते मी सांगणार नाही. आपल्या मंडळात कोल्हापूरच्या दोन माहेरवाशिणी आहेत, त्या दोघी वेगवेगळ्या पेठांतल्या आहेत, आणि मला अजून या गावात राहायचे आहे.

एके दिवशी दुपारी माझा भाचा दाजींच्या उशाशी बसून मोबाइलवर सामना पाहत होता. दाजींचे तोंड भिंतीकडेच. मी लसूण सोलत होते. पाहता पाहता मला राहवेना, म्हणून मी भाच्याला विचारले, "अरे, एवढी बावीस माणसं एका चेंडूसाठी भांडतात, तर प्रत्येकाला एकेक घेऊन का देत नाहीत?"

हा विनोद जुना आहे, पुष्कळांनी केला असेल. मी तो विनोद म्हणून केला नव्हता, ही त्यातली खरी गोष्ट. पण भिंतीकडून एक आवाज आला. आम्हांला वाटले ठसका लागला. पाहतो तो दाजी हसत होते. अर्ध्याच तोंडाने, पण हसत होते. नंतर त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे असे पाहिले, की मास्तर ढ पोराकडे पाहतात तसे. आणि डाव्या हाताने मला खूण केली, बस इथे.

अशी माझी शिकवणी सुरू झाली. मास्तरांना बोलता येत नव्हते आणि विद्यार्थिनीला काही येत नव्हते.

मी जेवणाचा पाट आणला. भाच्याने त्यावर खडूने मैदान आखले. मध्ये रेघ, रेघेवर वर्तुळ, दोन्ही टोकांना एक मोठा चौकोन आणि त्यात एक लहान. एका संघाचे दहा चिंचोके, दुसऱ्याचे दहा पावटे, आणि प्रत्येक गोलात एक सुपारी. ती सुपारी म्हणजे गोलरक्षक. चेंडू म्हणून मिरीचा दाणा. घर माझ्या बहिणीचे होते म्हणून बरे, नाहीतर जेवणाच्या पाटावर रेघा ओढल्या म्हणून मला कोणी बोलल्यावाचून राहिले नसते.

सोपे ते आधी सांगते. एका बाजूला अकरा जण. पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पंधरा मिनिटे विसावा. मध्यंतरी जो वेळ वाया जातो तो पंच शेवटी जोडून देतो, म्हणून घड्याळ पुरे झाले तरी खेळ चालूच राहतो. पहिल्या पहिल्यांदा मला वाटे, हे लोक घरी का जात नाहीत? गोलाची चौकट आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच, म्हणजे आपल्या घराच्या ओसरीएवढी समजा. चेंडू आख्खाच्या आख्खा रेघेपलीकडे गेला तरच गोल. थोडा रेघेवर राहिला तर नाही. हाच हिशेब मैदानाच्या बाकीच्या रेघांनाही.

हात फक्त गोलरक्षकाला, आणि तेही त्याच्या मोठ्या चौकोनातच. बाहेर आला की तोही इतरांसारखाच. हा हाताचा नियम कसा आला त्याची हकीकत भाच्याने वाचून दाखवली. पूर्वी इंग्लंडातल्या शाळाशाळांतून हा खेळ ज्याच्या त्याच्या पद्धतीने खेळत. १८६३ साली लंडनला मंडळी जमली आणि त्यांनी एक नियमावली केली. ज्यांना चेंडू हातात धरून पळायचे होते ते रुसून वेगळे झाले, त्यांचा खेळ रग्बी. म्हणजे साहेबांच्यातही वाटण्या होतात तर!

चेंडू बाजूच्या रेघेबाहेर गेला की तो हाताने आत फेकायचा. फेकणाऱ्याने दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, डोक्यामागून चेंडू आणायचा, आणि दोन्ही पाय जमिनीला टेकलेले पाहिजेत. दाजींनी हे दाखवताना डावा हात डोक्यावर नेला. मी विचारले, "एकाच हाताने?" त्यांनी मान हलवली. डाव्या हाताने उजव्या हाताचे मनगट धरले, छातीपर्यंत उचलले आणि सोडून दिले. हात पांघरुणावर पडला. मी काही बोलले नाही. पुढचा नियम विचारला.

टोकाच्या रेघेबाहेर चेंडू गेला तर पाहायचे, शेवटी लागला कोणाला? हल्ला करणाऱ्याला लागला तर गोलरक्षकाच्या बाजूने तो आपल्या अंगणातून मारून काढायचा. गोल राखणाऱ्या बाजूला लागून गेला तर कोपऱ्यातून मारायचा, त्याला कॉर्नर म्हणतात. कॉर्नर मिळाला की लोक का ओरडतात ते मला आता कळते. तो अर्धा गोलच असल्यासारखे सगळे जण गोलासमोर गर्दी करतात.

इथवर चार दिवस गेले. पाचव्या दिवशी आला ऑफसाइड, आणि त्याने माझे आठ दिवस खाल्ले. भगिनींनो, या एका नियमाला घाबरून पुष्कळ बायका, आणि मी पाहिले आहे की पुष्कळ पुरुषही, हा खेळ समजल्याचा आव आणतात. मी तो तुम्हांला सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही.

नियम म्हणायला असा आहे. आपल्या गड्याने आपल्याला चेंडू दिला, त्या वेळी आपण समोरच्याच्या अर्ध्या भागात, चेंडूच्याही पुढे असलो, आणि आपल्या व समोरच्या गोलाच्या मध्ये त्यांची निदान दोन माणसे नसली, तर आपण ऑफसाइड. त्या दोघांत एक बहुधा गोलरक्षक असतो, म्हणून दुसऱ्या माणसाकडे पाहायचे. त्याच्या बरोबरीने उभे असलो तर चालते. १९२५ सालापर्यंत दोन नव्हे, तीन माणसे लागत असत. गोलच होईनात, म्हणून दोन केली.

हे सगळे भाच्याने मला शब्दांनी सांगितले होते, आणि मला ते पाठही झाले होते. तरी सामना पाहताना दर वेळी चुकायचे. मला दिसे, गडी चेंडू घेतो आहे आणि त्याच्या पुढे एकटा गोलरक्षक आहे. मी म्हणे, "हा बघा ऑफसाइड." आणि दाजी मान हलवत. दुसऱ्या वेळी गडी चेंडू घेताना आपल्याच लोकांत असे, मी गप्प राही, आणि पंच निशाण वर करी. तीन दिवस असे झाल्यावर मी पाट भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हटले, मला हे येणार नाही.

दाजींनी पाट परत मागितला. चिंचोके-पावटे मांडले. मग औषधाचा चमचा मागितला. तो त्यांना कशाला हवा ते कळेना. त्यांनी भाच्याला मिरीवर बोट ठेवायला लावले आणि एक चिंचोका पुढे सरकवायला मला सांगितले. मी सरकवू लागले. चिंचोका पावट्यांच्या रांगेजवळ आला, भाच्याने मिरी मारली, त्याच क्षणी दाजींनी चमचा पाटावर आपटला. टक्! आणि डाव्या हाताने माझा हात जागच्या जागी दाबून धरला. चिंचोका अजून पावट्याच्या अलीकडे होता. मग हात सोडला. खूण केली, आता जा. चिंचोका पुढे गेला, पावट्यांना मागे टाकून मिरीपर्यंत पोचला. दाजींनी हात पसरले, म्हणजे डावा पसरला: चालते.

आणि मला कळले! पाहायचे ते चेंडू पोचतो तेव्हा नाही, तर चेंडू मारतात तेव्हा. टक् वाजले त्या क्षणी तू कुठे होतास? नंतर वाऱ्यासारखा धावून पुढे गेलास तर ती तुझ्या पायांची कमाई. मी सगळा वेळ चेंडूकडे पाहत होते, आणि चेंडूकडे पाहणाऱ्याला ऑफसाइड कधी दिसत नाही.

माझ्या मनाशी मी त्याला एक उदाहरण जोडले आहे. कराडच्या स्टँडवर एस्टी लागते तेव्हा काही जण दाराच्या रांगेत न येता खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात की नाही? तो ऑफसाइड. दार उघडल्यावर जो सगळ्यांबरोबर निघाला आणि पळत जाऊन आधी बसला, तो ऑफसाइड नाही. त्याच्यावर राग येतो, पण नियमाने त्याचे काही चुकले नाही. आणि रुमाल टाकून जो नुसता बाहेर उभा राहिला, आत आलाच नाही, त्यालाही शिक्षा नाही. पुढे उभे राहणे हा गुन्हा नव्हे. तिथून खेळात हात घालणे हा गुन्हा. कॉर्नर असेल, गोलाजवळून चेंडू मारून काढायचा असेल किंवा हाताने आत फेकायचा असेल, तर थेट त्यातून आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतोच. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

याच सुमारास एक झाले. चिंचोके उचलताना दाजी डावा हात वापरत. एकदा डाव्या हातात चमचा होता आणि मी मुद्दाम नव्हे, खरोखरच चुकीचा पावटा सरकवला. त्यांना ते सहन होईना. उजवा हात पाटावर पडलेलाच होता. त्याची दोन बोटे हलली आणि पावट्याला लागली. पावटा जागेवर गेला नाही, उलटा खाली पडला. पण व्यायामवाल्या मुलीला मी ते संध्याकाळी सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मटकी राहू द्या. हेच चालू ठेवा."

आक्काला मात्र हे आवडले नाही. ती चिडलेली मला दिसत होती, पण मला वाटे दमली असेल. एका रात्री भांडी लावताना ती म्हणाली, "सव्वीस वर्सं त्या खेळाची चिखलातली कापडं धुतली मी. सणाला माणूस घरात नाही, कुठं तर स्टेडियमवर. आता आजारी पडला तरी तेच. माझ्यासंगं बोलायला एक शब्द फुटत नाही, आणि तुझ्यासंगं पाट मांडून बसतोय."

मला काय बोलावे सुचेना. तिचे खोटे नव्हते. मी म्हटले, "आक्का, तू कधी गेली होतीस का बघायला?" स्टेडियम तिच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. ती म्हणाली, "मला कोण नेतंय? आणि बायका कुठं जातात तिथं?"

हे बायका कुठे जातात, याविषयी मी भाच्याला विचारले, तर त्याने जे वाचून दाखवले ते ऐकून आम्ही दोघी गप्प झालो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातल्या कारखान्यांतून बायका कामाला लागल्या, आणि त्यांनी आपले संघ काढले. प्रेस्टन गावच्या कारखान्यातल्या मुलींचा सामना १९२० च्या नाताळात लिव्हरपूलला झाला, तो पाहायला ५३ हजार माणसे आली होती. पुढल्याच वर्षी, १९२१ साली, तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि आपली मैदाने त्यांना देऊ नयेत असे क्लबांना सांगितले. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा व्हायला १९९१ साल उजाडले, ती चीनमध्ये झाली. आणि सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेचा शेवटचा सामना ३० ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्या नवी मुंबईत झाला. स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला एका गोलाने हरवले. नवी मुंबईत, आणि मला त्या वेळी त्याचा पत्ताही नव्हता. मी त्या महिन्यात दिवाळीची भांडी घासत होते.

शिक्षांचे थोडे राहिले. धक्का दिला, पाय घातला, ओढले, मुद्दाम हाताने चेंडू अडवला, तर समोरच्याला तिथून फुकटची किक मिळते. हाच अपराध आपल्या गोलासमोरच्या मोठ्या चौकोनात केला तर पेनल्टी. बारा यार्डांवर चेंडू, समोर एकटा गोलरक्षक. सोपे वाटते, पण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले पुष्कळसे गडी अनवाणी खेळून फ्रान्सला भिडले, दोन पेनल्ट्या मिळाल्या आणि दोन्ही हुकल्या. सामना एक विरुद्ध दोन असा गेला. दाजी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी जन्मले, तरी ती पाटावर दाखवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. (झटक्यानंतर माणूस हळवा होतो असे डॉक्टर म्हणाले. आक्का म्हणाली, हे आधीपासूनच.)

पिवळे कार्ड म्हणजे ताकीद, तांबडे म्हणजे बाहेर. दोन पिवळ्यांचे एक तांबडे होते, आणि बाहेर गेलेल्याच्या जागी दुसरा घेता येत नाही, दहा जणांनीच खेळायचे. ही कार्डे १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकापासून आली. केन ॲस्टन नावाचे इंग्रज पंच होते. देशोदेशीच्या खेळाडूंना एकमेकांची भाषा कळत नाही, ताकीद मिळाली की नाही यावरून घोटाळे होत. ते मोटार चालवत असताना चौकातला सिग्नल पाहून त्यांना ही युक्ती सुचली. ज्याची वाचा गेली आहे त्या माणसाच्या घरात ही युक्ती फार उपयोगी पडली. भाच्याने दोन कार्डे कापून दिली. जेवण नको असले की दाजी तांबडे दाखवत. भातात मीठ कमी असले तर पिवळे. "हं" आणि "ना" यांचा घोटाळा त्या दिवसापासून मिटला. आक्काला एका आठवड्यात तीन पिवळी मिळाली, तेव्हा तिने उलट एक तांबडे काढून त्यांना दाखवले, आणि भाजीला निघून गेली.

शिमग्याच्या सुमारास दोन मोठ्या संघांचा सामना होता. भाच्याने आम्हां दोघींना नेले. दाजींना नेणे शक्य नव्हते, शेजारचे एक आजोबा त्यांच्यापाशी बसले. आक्का निघेपर्यंत नाही नाही म्हणत होती. भगिनींनो, आपल्याकडे मोहरमला ताबुतांच्या भेटी असतात त्या वेळी माणूस जसा गच्च्यांवर, पत्र्यांवर, झाडांवर दिसतो, तसे ते स्टेडियम दिसत होते. आमच्या आसपास बायका मोजून पाच-सहा. पहिली दहा मिनिटे आक्काने पदर सोडला नाही. मग एका पोराला पाय घालून पाडले, तशी ती उठून उभी राहिली आणि तिने पंचाला जे सांगितले ते मला इथे सांगता येणार नाही. तिला हे नियम कधी कळले? मी आणि दाजी पाटावर बसत होतो तेव्हा ती स्वयंपाकघरात पाठ करून उभी असे. कान मात्र इकडे होते.

दुसऱ्या डावात एक गोल झाला. गडी एकटाच गोलासमोर होता, चेंडू आला, त्याने मारला, झाला गोल. आक्का ओरडली, "ऑफसाइड! ऑफसाइड हाय ह्यो!" मलाही तसेच वाटले. पंचाने गोल दिला. घरी येईस्तोवर ती पंचाच्या नावाने बोटे मोडत होती.

घरात शिरताच दाजींनी पाटाकडे बोट दाखवले. निकाल त्यांना मोबाइलवर कळला होता, तरी पाट हवा होता. मी बसणार तोच त्यांनी मला हाताने बाजूला केले आणि आक्काकडे पाहिले. ती म्हणाली, "मला कुठं येतंय?" पण बसली. कोण कुठे होता ते तिने भराभर मांडले. माझ्यापेक्षा चांगले मांडले. म्हणाली, "हितनं चेंडू आला. बाजूनं. आणि ह्यो हितं एकटा. मग ऑफसाइड न्हाई तर काय?"

दाजींनी मान हलवली. आक्का म्हणाली, "न्हाई कसं?" त्यांनी पुन्हा मान हलवली. मग डावा हात डोक्यावर नेला, आणि त्याच्या मागोमाग उजवा हात उचलला. तो आधी पोटापर्यंत आला, थांबला. मग छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत. कानापाशी येऊन थरथरत राहिला. त्याच्या वर गेला नाही. भाचा दाराशी उभा होता, तो तिथेच थांबला.

आक्का त्या हाताकडे पाहत होती. मग म्हणाली, "हां. हातानं फेकलेला व्हता व्हय तो. मग बरोबर हाय पंचाचं." आणि चहा टाकायला उठली. चहा टाकायला तिला त्या दिवशी फार वेळ लागला.

पाडव्याला मी परत आले. दाजी आता काठी घेऊन चौकापर्यंत जातात. बोलणे पूर्वीसारखे नाही, शब्द अडतात, पण येतात. आक्काचे फोन येतात ते पूर्वी पापडाचे आणि गुडघ्याचे असत. परवा फोन आला तो असा: "धाकटे, तुला म्हाईत हाय का, २०२५ च्या जुलैपासनं नवा नियम आलाय. गोलकीपरनं चेंडू हातात धरून आठ सेकंदांच्या वर थांबायचं न्हाई. थांबला तर समोरच्याला कॉर्नर." मला माहीत नव्हते. मी म्हटले, "आठ का गं, दहा का नाही?" पलीकडून दाजींचा आवाज आला, तिला काहीतरी सांगत होते, हळूहळू, एकेक शब्द तोडत. आक्का म्हणाली, "थांब जरा, त्यांचं बोलून होऊ दे," आणि फोन तसाच धरून ठेवला.